खडकातला रानमूग

फार पूर्वी माळाच्या काठावर एक गाव होतं. गावाची सगळी गुरं एकाच कुरणावर जगत. पाऊसकाळात तिथं जनावर सोडायचं नाही आणि गवताचं बी पडल्याशिवाय विळा लावायचा नाही, असा रिवाज होता. तो पाळला जातो की नाही, हे पाहायला गाव एक राखणदार नेमत असे.

एकदा नेमलेला राखणदार मोठा टापटिपीचा निघाला. गवतात रानमुगाचे वेल माजलेले, विळा त्यांत अडके, पेंढी वेडीवाकडी बांधली जाई. त्याला ते खपेना. सगळा वेल मुळासकट उपटायचं फर्मान त्यानं काढलं. मेंढरं राखणारी ठकूबाई म्हणाली, माझी मेंढरं आधी तोच वेल शोधतात, राहू दे. गवताच्या कुरणात गवतच हवं, असं म्हणून त्यानं तिचं बोलणं हसण्यावारी नेलं. त्या साली पेंढ्या सुबक झाल्या. गाव खूश. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इथं ते पुढे मोजावं लागलं.

रानमुगाच्या मुळांना बारीक गाठी असतात. त्यांच्यावर माती पोसते आणि मातीवर गवत. वेल गेला तसं गवत विरळ झालं, मग पिवळं पडलं, मग नुसती कुसळं उरली. त्यातच पावसानं दगा दिला.

आता हिरवं होतं ते एका खडकाळ कोपऱ्यात. उपटणाऱ्यांचे हात तिथं पोचले नव्हते. तिथं वेल होता आणि वेलाभोवती गुडघाभर गवत. राखणदारानं ते पाहिलं. आपण काय करून बसलो, ते त्याला कळलं. वेलाला शेंगा होत्या, पण अजून हिरव्या. त्या वाळून बी सांडेपर्यंत कोपरा राखला, तरच कुरण पुन्हा उभं राहणार होतं.

त्याची गाय नुकतीच व्यायली होती आणि तिच्या आचळांत दूध नव्हतं. एक दुपार तिला तिथं सोडा, कोण बघतंय, असं बायको म्हणाली. तो गाय घेऊन कोपऱ्यापर्यंत गेला. दावं हातात धरून बराच वेळ उभा राहिला आणि तिला तशीच उपाशी घरी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी गाव गुरं हाकत तिथं आलं. लोकांच्या हातात काठ्या होत्या. पोटापुढे कुणाचं शहाणपण चालत नाही. राखणदार वाटेत आडवा उभा राहिला.

"उपटायला तूच लावलंस," एक म्हातारा म्हणाला, "आन् आता राखायलाबी तूच सांगतोस व्हय?"

"व्हय. चूक माझी, पण बी तुमचं हाय. आज चारलंत तर चार दिस गुरं जगतील. मग कुरण न्हाई."

"तुझी गाय चरून गेली आसंल की."

"घरी जाऊन बघा. वासरू सकाळीच गेलं."

सगळ्यांत वाळलेली मेंढरं ठकूबाईची होती आणि ती हिरव्याकडे ओढ घेत होती. तिनं काठी आडवी धरली आणि त्यांना माघारी वळवलं. मग बाकीची गुरंही एकेक करत वळली.

शेंगा वाळल्या, बी सांडलं. पुढच्या पावसात गावानं ते कुरणभर पेरलं. गवत परत यायला मात्र बरीच वर्षं लागली. तोवर गावातली निम्मी गुरं बाजारात गेली होती. राखणदाराला पुन्हा कुणी बोल लावला नाही. तेच त्याला जास्त लागलं.

तात्पर्य: उपटायला एक दुपार पुरते, पण ते परत रुजवताना सगळ्या गावाला उपाशी राहावं लागतं. नुसतं आपल्या विळ्याला अडतं म्हणून कशाच्या मुळाला हात घालू नये.