चूक न्हवं ती

एका गावच्या तालमीत एक म्हातारा वस्ताद व्हता. बोलायचा कमी, पर बोलला की सोलून काढायचा. त्याचा पठ्ठ्या धुळाप्पा, अंगानं रेडा आन् डोस्क्यानंबी तसाच.

कुंभाराच्या म्हाळूनं जत्रंत त्याला चारचौघांत चीत केलता. ते धुळाप्पाच्या पोटात जळत व्हतं. एक दिस तालमीत त्यानं म्हाळूला खाली घेतला. पाठ लागली, कुस्ती संपली, वस्ताद "सोड, सोड" वरडला. ह्यानं सोडला न्हाई. हात धरला आन् पिळला. हाड कडाककन वाजलं.

म्हाळूला उचलून हाडवैद्याकडं नेला. धुळाप्पा मान खाली घालून म्हनला, "वस्ताद, चूक झाली."

धुळाप्पाच्या आईनं म्हशीचं दूध धाडलेलं, ती चरवी वस्तादानं उचलली आन् पोराच्या डोळ्यांत बघत सगळं दूध मातीत वतलं.

"चूक झाली," वस्ताद म्हनला.

धुळाप्पा पेटला. "चूक? बघून बघून वतलंसा की! माझी आय कोरा च्या पिती, तवा ही चरवी भरती. पाप केलंसा वस्ताद, पाप!"

"आलं का तोंडात, मुडद्या!" वस्तादानं त्याची मानगूट धरली. "दुधाला पाप, आन् म्हाळूच्या हाताला चूक? पाय घसरला तर चूक. डाव हुकला तर चूक. तू माझं 'सोड' ऐकलंस, आन् मग पिळलंस. असल्या मऊ शब्दाखाली सगळं गाव आपली घाण झाकतंय. जा, त्याच्या बापाम्होरं खरा शबूद बोल. न्हाईतर ह्या मातीत पाय ठिवू नगंस."

धुळाप्पा कुंभाराच्या दारात गेला. म्हातारा कुंभार बंद चाकापाशी बसलेला. त्यानंच पाण्याचा तांब्या म्होरं केला.

"बस पोरा. खेळात व्हतंय. चुकून झालं आसंल."

सुटायची वाट बापानंच उघडून दिली. धुळाप्पानं तांब्याला हात लावला न्हाई.

"चुकून न्हाई, तात्या. कुस्ती संपली व्हती. मुद्दाम मोडला. पाप केलं म्या."

तांब्या माघारी गेला. मग कानाखाली अशी बसली की धुळाप्पाच्या डोळ्याम्होरं काजवं चमाकलं. त्यो हलला न्हाई.

म्हातारा बंद चाकाकडं बघत म्हनला, "चाक मी फिरवीन रं. पर तळ्यातनं माती कोण आणंल? कोण मळंल?"

धुळाप्पानं कोपऱ्यातलं खोरं उचललं.

"तळ्याच्या कुठल्या अंगाची आणू, तात्या?"