पाहुण्यांचा सोफा

वसईच्या चर्चमध्ये नाताळला युरोपातली आठशे वर्षांपूर्वीची गाणी बसवली होती. प्रमुख पाहुणे, संगीतपंडित डॉ. आगाशे, तालमीलाच येऊन गरजले, "माईक काढा! त्या काळी होतं अगदी तसंच पाहिजे!"

"मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांना ऐकू कसं जायचं?" गाणी बसवणाऱ्या एमिलियाबाईंनी विचारलं.

"परंपरेपुढे म्हाताऱ्या कसल्या?"

"बरं, तुम्ही म्हणाल तसं."

कार्यक्रमाला डॉक्टर आले, तर पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी ठेवलेला मखमली सोफा गायब!

"मी बसू कुठे?"

"त्या काळी चर्चमध्ये लोक उभेच राहायचे, सर. बाकं फक्त म्हाताऱ्यांना."

दुसऱ्याच गाण्याला डॉक्टर पाय चोळत पुटपुटले, "परंपरेत थोडी सूट चालते हो."

एमिलियाबाईंनी गाणं थांबवून हाक दिली, "आधी माईक आणा रे! सोफा मागाहून!"