शून्याखालची सही

आपल्याला दिसत नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानणाऱ्या सत्ताधीशाची ही कथा अनेक रूपांत आढळते. कुठे तो राजा असतो, कुठे इनामदार. या रूपात तो नदीकाठी रिसॉर्ट बांधणारा मालक आहे.

वन्यजीव सर्वेक्षणाच्या अकराव्या पहाटे दमलेल्या वैजयंती केळुसकरांनी तक्त्यात लिहिले, ‘पाणमांजरे : चार’. पाणमांजर संरक्षित प्राणी असल्याने या नोंदीमुळे बांधकाम अडणार होते.

दुपारी मालक आले. “बाई, तासभर उभा आहे, एकही दिसलं नाही. शून्य लिहा.”

“लिहिते की. पण शून्यालासुद्धा पाहणाऱ्याची सही लागते. वेळ भर दुपारची, शेजारी जेसीबी चालू, पाहणारे आपण. करा सही.”

मालकांनी पेन उघडले, तक्ता वाचला आणि पेन परत दिले. तक्ता चारच्या आकड्यासह जमा झाला.