राहीची तिसरी हाक

ऐका, पण मध्येच 'खरं का, खरं का' करायचं नाही. फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. देवळापुढचा वड अजून पाखराच्या पोटात होता, इतकी जुनी.

आपल्या गावाच्या डोक्यावर हा डोंगर, डोंगराच्या डोक्यावर सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, आणि सड्याच्या मधोमध तळं. एवढ्या उंचावर पाणी कुणी नेऊन ठेवलं, देव जाणे. तळ्याभोवती सात टेकड्या बसल्यात, पंगतीला बसल्यासारख्या. फक्त मावळतीला टेकडी नाही. तिथं सडा एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसतं, म्हणजे दिसायचं तेव्हा दिसतं. पावसाळ्यात ढग सड्यावरच मुक्कामाला येतात. मग आपला हात आपल्याला दिसत नाही. माणूस घराकडं म्हणून निघतो आणि कड्यावर पोचतो.

त्या सड्यावर राही नावाची धनगराची बाई राहायची. नवरा धाकू, म्हातारी सासू आणि म्हशी. पोरबाळ नव्हतं. जवळपास भाऊबंदांच्या दोन-चार खोपी होत्या, तेवढीच काय ती वस्ती.

सड्याची तेव्हा एक रीत होती. धुक्यात चकवा फिरतो, ओळखीच्या आवाजात हाक मारतो आणि नेऊन कड्यावरून ढकलतो. पण त्याला दोनच हाका मारता येतात, असं म्हणतात. म्हणून धुक्यातून हाक आली तर तिसरीशिवाय ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तिसरी मारतोच.

एकदा श्रावणात एक म्हैस चुकली. धाकू घोंगडी घेऊन शोधायला गेला आणि मागून धुकं उतरलं. म्हैस आली आपली आपण. धाकू काही आला नाही. राही आणि सासू खोपीच्या दारात उभ्या राहिल्या, तेवढ्यात मावळतीकडून हाक आली.

"राहीऽऽऽ!"

आवाज धाकूचाच. राहीनं ओ द्यायला तोंड उघडलं, तशी सासूनं तिचं मनगट धरलं. "गप! त्यो न्हवं. माझा धाकू कधी बायकूला नावानं हाक मारंल का?"

तेही खरंच होतं. त्या काळी नवरा बायकोला 'अगं ए' म्हणायचा, नाव घेणं म्हणजे लाज. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आपलं नाव राहीनं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आता तुम्हीच सांगा, जिवावर बेतल्यावर माणूस 'अगं ए' म्हणत बसेल, की नाव घेईल? पण हे आपल्याला इथं शेकोटीजवळ बसून सुचतं. त्या घटकेला कुणाला सुचतं?

"राहीऽऽऽ!" दुसरी हाक आली.

दोघी तिसरीची वाट बघत राहिल्या. तिसरी आली नाही. "बघ, चकवाच हुता," सासू म्हणाली आणि तिनं मनगट सोडलं.

धुकं फाटल्यावर कड्याच्या टोकाला धाकूची घोंगडी सापडली.

सासूनं ऊर बडवून घेतला. भाऊबंदांनी खोपी मोडल्या, म्हशी हाकल्या आणि म्हातारीला घेऊन ते खाली गावात उतरले. राहीला म्हणाले, चल. ती म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. माजी तिसरी यायचीया."

आणि राहिली एकटी. अरे, एकटं म्हणजे काय ते आपल्याला काय कळणार? आपल्याला घरातली चार माणसं जड होतात. तिला भांडायलासुद्धा कुणी नव्हतं. समोर तळं, भोवती टेकड्या, दावणीला तिच्यासाठी मागं ठेवलेली एक म्हैस. तिच्याशी बोलणार तरी किती?

पण तेव्हापासून एक झालं. धुक्यातून कुणाचीही हाक आली, की राही पहिल्याच हाकेला ओ द्यायची. हाटाला निघालेले, लोणी घेऊन कोकणात उतरणारे, सगळ्यांना. लोक म्हणायचे, "बये, एखाद दिवशी चकवा न्हील." ती म्हणायची, "न्हेऊ द्या की. न्ह्यायला ठिवलंय काय माज्यात?"

वाट चुकलेला माणूस तिच्या आवाजाच्या रोखानं यायचा, खोपीत ताक प्यायचा आणि वाटेला लागायचा. ओ देताना दर वेळी तिला वाटायचं, तोच असेल. दर वेळी दुसराच कुणी निघायचा. हाक मारणारे सगळे आपापल्या वाटेसाठी मारायचे. तिच्यासाठी कुणी मारली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

असं म्हणतात, की ऐकून ऐकून तिची ओ त्या सात टेकड्यांना पाठ झाली. एका पावसाळ्यात, आषाढातल्या शेवटच्या मुहूर्ताला निघालेलं अख्खं वऱ्हाड धुक्यात चुकलं. नवरी पुढं होती. तिचा पाय कड्यावर अधांतरी पडणार, तेवढ्यात मागून कुणीतरी घाबरून हाक मारली, आणि सातही टेकड्या एका आवाजात 'ओऽऽऽ' म्हणाल्या. तळ्याचं पाणी थरथरलं म्हणतात. नवरी मागं वळली आणि वऱ्हाड वाचलं.

दसऱ्याला ऊन पडलं, तशी ती नवरी राहीसाठी लुगडं घेऊन वर गेली. बघते तर चुलीत गुडघाभर गवत. पावसाच्या सुरुवातीपासून तिथं जाळ झालाच नव्हता. म्हैस तळ्याकाठी रवंथ करत बसलेली, आणि राही कुठंच नाही. मग वऱ्हाडाला ओ दिली कुणी? मला विचारू नका, टेकड्यांना विचारा.

म्हणून आपल्या गावात नवरा बायकोला नावानं हाक मारतो आणि ती पहिल्या हाकेला ओ देते. बाहेरगावचे हसतात. हसू देत मेले.

आणि श्रावणात, धुकं सगळ्यात दाट असतं त्या दिवशी, गाव वर चढतं. बायका खोपीच्या जागेवर उभ्या राहतात. धाकूच्या भावकीतला एक गडी मावळतीला कड्यापर्यंत जातो. त्याच्या कमरेला दोर बांधतात, पण ओढत नाही कुणी. तो एकदाच हाक मारतो, "राहीऽऽऽ!" एकदाच, कारण पहिल्या दोन मारून झाल्यात.

बायका ओ देतात. आणि तो गडी कड्याकडं पाठ करून, आवाजाच्या रोखानं, चालत घरी येतो.