वडाखाली रडणारी गाडी

गॅरेजवाल्या आबाशेट धुरींनी इंजिनाचं काम केल्यापासून शालन नर्सची गाडी रडायला लागली. गावच्या राखणदार देवचाराच्या वडाखालचा चढ आला की बॉनेटखालून कुणीतरी हुंदका दाबल्यासारखा आवाज येई आणि गाडी बंद पडे. थोड्या वेळाने किल्ली फिरवली की पुन्हा चालू होई. परवा आत अडलेली बाळंतीण होती, तरी तेच झालं.

तिन्हीसांजेला शालनने आबाशेटना गाडीत घालून त्याच चढावर आणलं. हुंदका आला, गाडी थांबली. वारा नव्हता, तरी पारंब्या हलत होत्या. शेतावरून परतणारी माणसं जमली.

"माझ्या कामात खोट नाही," आबाशेट सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गाडीत काहीतरी शिरलंय. देवचाराला गाऱ्हाणं घाला."

शालनने पदर घेतला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेत जा काय शिरला असात, ता जेणी घातल्यान, तेच्याच घराक परत जांव दे."

"व्हय म्हाराजा," माणसं म्हणाली. वडामागूनही कुणीतरी म्हटल्यासारखं वाटलं.

"आबाशेट, तुम्ही गप्प का?" शालनने विचारलं. "कामात खोट नाही ना?"

आबाशेटनी बॉनेट उघडलं आणि हवेच्या नळीत विसरलेलं आपल्याच गॅरेजचं फडकं ओढून काढलं. चढावर इंजिन जोरात हवा ओढी, तेव्हा ते नळीत घट्ट बसे आणि इंजिन थांबलं की सैल पडे. घाईघाईने ते झुडपात फेकायला त्यांनी हात उचलला.

"इथं नको," शालन म्हणाली. "त्याला तुमच्या घरी जायचंय."