वेळूच्या पेरातली दोन वर्षं

डोंगराच्या कुशीत, जिथे रस्ता दमून थांबतो, तिथे एक इवलीशी झोपडी होती. तिच्यामागे हिरव्यागार कळकांचं, म्हणजे बांबूंचं, भलंमोठं बेट होतं. झोपडीत गोजरा आणि तिची आई राहायच्या. आई टोपल्या विणायची. आताशा तिची बोटं ठणकत, तरी ती विणत राही, कारण पोट काही दुखण्याचं ऐकत नाही.

एक दिवस गोजराला शहरातून पत्र आलं. दोन वर्षं संगणकाची भाषा शिकायची, मग पदवी! गोजरा गिरकी घेऊन नाचली. मग तिने फी वाचली आणि मटकन खाली बसली. तेवढ्यासाठी अख्खं बेट विकावं लागणार होतं.

"विकू की," आई म्हणाली. "उद्याच व्यापारी येतोय."

"मग तू टोपल्या विणशील कशाच्या? आणि शिकूनही काम मिळालं नाही तर?"

"ते मला गं काय ठाऊक," आई म्हणाली.

त्याच दिवशी गोजरा एक कळक आणायला बेटात शिरली. भर दुपारी बेटात जाऊ नये म्हणतात, पण टोपली संध्याकाळी द्यायची होती. तिने रीतीप्रमाणे हात जोडले. "बेटाबाई, एक कळक घेते हं. राग धरू नकोस."

वारा पडला. पाखरं मुकी झाली. तरीही कळक कुरकुरू लागले, कर्र... कर्र... आणि एका पेरातून कुणीतरी हसलं.

पानावर एक परी बसली होती. अंगठ्याएवढी चिमुकली! पोपटी झगा, चंदेरी पंख, पंखांवर दवाचे लुकलुकते मणी. दिसायला किती गोड! पण तिची सावली पडत नव्हती, आणि तिच्या डोळ्यांची पापणी एकदाही लवत नव्हती.

"विचारून तोडणारी फार दिवसांनी भेटली," परी हळूच म्हणाली. "एक इच्छा देते तुला. नियम दोन. इच्छा एकदाच मागायची. आणि स्वतःसाठी मागितलीस, तर मोल द्यायचं."

"कसलं मोल?"

"तुझी दोन वर्षं. नाहीतरी तू ती खर्चणारच ना? डोळे मीट. उघडशील तेव्हा पदवी हातात, बेट जागेवर, आई जवळ. मधली दोन वर्षं तेवढी मी पेरात ठेवीन."

आपली गोजरा म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! तिने डोळे मिटलेसुद्धा. तेवढ्यात पुन्हा कुणीतरी हसलं. छे, ते हसू नव्हतं, रडू होतं. तिने कळकाच्या चिरेतून आत पाहिलं.

आत निळसर उजेडात एक इटुकला मुलगा बसला होता. लिहीत होता, चुकत होता, खोडून पुन्हा लिहीत होता. वरच्या पेरात एक मुलगी मैत्रिणींना डब्यातला लाडू देत होती. पेरापेरात कुणी ना कुणी होतं.

"हे कोण गं?" गोजराने विचारलं.

"आधी आलेल्यांची वर्षं. ती मुलं पदव्या घेऊन गेली. संगणकापुढे बसतात, बोटं ठेवतात, आणि पुढे काय करायचं ते त्यांना सुचतच नाही."

गोजराला आपली जुनी टोपली आठवली. मागे तिनेही अशीच घाई केली होती. कळक एका पावसाळ्यात पुरता उंच होतो, पण पिकायला तीन वर्षं घेतो. तिने उंची पाहून कोवळाच तोडला. टोपली झाली हिरवीगार, देखणी. महिन्याभरात तिला भुंगा लागला, भुरूभुरू पीठ पडलं आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावरच तिचा तळ सुटला.

"नको," ती म्हणाली. "माझी दोन वर्षं मीच काढीन."

"बेट जाईल. पुढे काम मिळेल की नाही, ते मलाही दिसत नाही."

"मला भीती वाटतेच आहे," गोजरा रडवेली झाली. "तरी नको. माझी इच्छा एवढीच, पेरापेरातली सगळी वर्षं ज्याची त्याला परत दे."

"आणि तुला?"

"ती रडताहेत गं!"

परीची पापणी पहिल्यांदाच लवली. "सगळ्यात खालच्या पेरात माझी वर्षं आहेत," ती पुटपुटली. "आजवर ती कुणी मागितलीच नव्हती."

फट्! फट्! पेरं उकलली. सोनेरी ठिणग्या भिरभिरत गावोगावी निघाल्या. क्षणभर परीच्या जागी एक साधीशी, सावलीवाली मुलगी हसत उभी होती. मग लख्ख उजेड झाला आणि तिथे कुणीच उरलं नाही.

त्या उजेडात सगळं बेट फुललं आणि पिकलं. टपोरं सोनसळी बी घोट्यापर्यंत साचलं. पण फुललेला कळक जगत नाही. पानं पिवळी पडताना पाहून मायलेकी गळ्यात पडून रडल्या.

कळकाला बी आयुष्यात एकदाच येतं, म्हणून ते भलतंच महाग. व्यापाऱ्याने नुसतं बी नेलं आणि दोन्ही वर्षांची फी भागली. वाळलेले कळक आईला विणायला राहिले. मूठभर बी आईने ठेवून घेतलं आणि अंगणात पेरलं.

निघायच्या दिवशी गोजराचे पाय उंबऱ्यातच अडले. "आई, दोन वर्षांनी काय होईल गं?"

आईने नखाएवढ्या कोंबांवर ओंजळीने पाणी शिंपडलं. "तुझं मला सांगता येत नाही, बाळा. हे मात्र तोवर तुझ्या कमरेला लागतील. जा, गाडी चुकेल."