एका खिळ्याची जागा

एकदा एक व्यापारी आपल्या वृद्ध गुरूंपुढे बसून भिंतींचे कौतुक सांगत होता. लोक गुरूंकडे मनःशांती मागायला येतात. याला मात्र आपल्या भिंती मिरवायच्या होत्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या दोन खोल्या होत्या. त्या तो अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने देई आणि करारात एक अट न चुकता घाली : भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

“सहा भाडेकरू झाले, गुरुजी, पण भिंतीला एक भोक नाही,” तो म्हणाला. “आताचे मास्तर मात्र भारी चिवट. निवृत्त, एकटेच असतात. बायको वारली, तिचा फोटो लावायला एक खिळा मारू द्या म्हणून चारदा येऊन गेले. मी म्हटलं, जमिनीवर ठेवा भिंतीला टेकवून, कोण अडवतंय? आज फोटो, उद्या घड्याळ, परवा कॅलेंडर. आठ दिवसांनी मुदत संपतेच आहे त्यांची.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरू न सांगता त्याच्या घरी आले.

दिवाणखान्यात व्यापाऱ्याच्या दिवंगत पत्नीची तसबीर होती. तिला चंदनाचा हार घातलेला होता. गुरूंनी स्टूल ओढले, तसबीर खाली उतरवली आणि त्याच्या हाती दिली. “माझा जप होईपर्यंत एवढी धर,” असे म्हणून त्यांनी डोळे मिटले.

व्यापारी चक्रावला, पण गुरूंचा शब्द मोडवेना. हळूहळू त्याचे हात अवघडले. सोफ्यावर ठेवावी तर तिथे कोणीही येऊन बसणार. टेबलावर सकाळच्या खरकट्या बशा होत्या. तसबीर छातीशी धरून तो घरभर फिरला. एवढ्या मोठ्या घरात तिच्यासाठी जागा सापडेना.

“गुरुजी, हात भरून आले. हिला ठेवू कुठे?”

“जमिनीवर ठेव, भिंतीला टेकवून. कोण अडवतंय?”

“जमिनीवर? हिला? अहो, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय लागतील!” तो जवळजवळ ओरडलाच. मग आपलेच शब्द आपल्याला ऐकवले गेले हे त्याच्या ध्यानी आले.

गुरू शांतपणे म्हणाले, “भिंत तुझीच आहे, त्यात वाद नाही. पण मास्तर तिथे राहायला आले होते. माणूस राहायला येतो तेव्हा त्याची गेलेली माणसंही त्याच्याबरोबर येतात. तू त्यांना दाराबाहेर ठेवलंस. भिंतीचं भोक चिमूटभर सिमेंटने बुजतं. मास्तरांच्या मनाला काय लावशील?”

व्यापाऱ्याने तसबीर जागेवर लावली, हातोडी घेतली, एक चांगला लांब खिळा निवडला आणि तसाच निघाला. खिळा आपण स्वतः ठोकून द्यायचा आणि राहा म्हणायचे, असे त्याने वाटेत ठरवले होते.

खोल्यांना कुलूप होते. शेजारच्या बाईंनी किल्ली आणून दिली. “मास्तर काल संध्याकाळीच गेले हो. कुठे ते बोलले नाहीत. सामान टेम्पोत टाकलं, पण बायकोचा फोटो मांडीवर घेऊन बसले.”

आत भिंती कोऱ्या करकरीत होत्या. फक्त एका कोपऱ्यात, फरशीपासून वीतभर उंचीवर, उदबत्तीच्या धुराचा काळपट डाग पडला होता. व्यापारी त्या डागापुढे बराच वेळ बसून राहिला आणि रडला. मग उठून त्याने डागाच्या बरोबर वर, माणसाच्या नजरेच्या उंचीवर, खिळा ठोकला. लावायला काहीच नव्हते.

पुढच्या महिन्यात नवे जोडपे खोल्या पाहायला आले. “खिळे मारले तर चालतील ना?” नवऱ्याने भीतभीत विचारले.

“हवे तितके मारा,” व्यापारी म्हणाला. “फक्त त्या खिळ्याला काही लावू नका. ती जागा दिलेली आहे.”